आठ दिवसांचा प्रश्न

प्रभूने शिकवलेली प्रार्थना आम्हांस वयाच्या पाचव्या वर्षी तोंडपाठ झाली आणि तिच्यातील एका शब्दाशी झगडण्यात पुढची काही वर्षे गेली. तो शब्द ‘परीक्षा’. देवाने आपल्याला परीक्षेत आणू नये, अशी विनंती त्या प्रार्थनेत आहे. आम्ही तिचा अर्थ अगदी सरळ घेतला. बेळगावातील आमच्या शाळेची वार्षिक परीक्षा मार्चअखेर असे. त्या महिन्यात रात्री अंथरुणावर गुडघे टेकून आम्ही तेवढीच विनंती दोनदोनदा करीत असू. गणिताचा पेपर तरीही ठरल्या दिवशी होई. देव हे एवढेच का ऐकत नाही, असे आईस विचारले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “अरे, ती परीक्षा निराळी. ती आली म्हणजे कळेल तुला.” ती आली तेव्हा आम्हांस कळले नाही. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपल्या मंडळाच्या बहुतेक वाचकांना ही प्रार्थना फार तर ऐकून ठाऊक असेल, म्हणून त्या शब्दाविषयी थोडे लिहितो. शुभवर्तमानाच्या ग्रीक पाठात त्या ठिकाणी ‘पेइरास्मोस’ असा शब्द आहे. कसोटी आणि मोह हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. आमच्या मराठी शास्त्रात ‘परीक्षा’ आली. इंग्रजीने मोहाकडे झुकणारा शब्द घेतला. यावरून युरोपात अलीकडे बरीच चर्चा झाली. देवच माणसाला मोहात लोटतो असा भास रूढ भाषांतरातून होतो, ही अडचण पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली बोलून दाखवली. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रेंच कॅथलिकांच्या प्रार्थनेतील शब्द बदलले आणि २०२०च्या अखेरीस इटालियनांच्याही. वास्तविक याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात या शंकेचे निरसन आहे. देव कोणालाही मोह घालीत नाही. माणसाला ओढून नेते ती त्याची स्वतःची वासना, आणि पुढे तिच्याच पोटी पाप जन्माला येते, असे तो सांगतो. आम्हांस मात्र मराठीतला शब्द बदलावासा वाटत नाही. ‘मोह’ म्हटले की मोहात पाडणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. ‘परीक्षा’ म्हटले की परीक्षेस बसलेला माणूस दिसतो.

मोहाची चित्रे रंगवताना आपण सारेच फार ठळक रंग वापरतो. आपल्या पुराणांत विश्वामित्राच्या तपोभंगासाठी मेनका येते. आमच्या रविवारच्या शाळेतील रंगीत तक्त्यावर सैतानाला शिंगे होती आणि डोळे लाल होते. त्या तक्त्याने आमचे नुकसान केले असे आम्हांस आज वाटते, कारण शिंगे दिसल्याशिवाय सैतान ओळखू येईना. शुभवर्तमानातली अरण्यातील कथा तर अगदी वेगळी आहे. चाळीस दिवसांच्या उपासाने भुकेलेल्या येशूपुढे सैतान येतो आणि पहिली सूचना करतो ती धोंड्यांच्या भाकरी करण्याची. भुकेल्याने भाकर खावी यात पाप ते कोणते? पुढे याच येशूने पाच भाकरींवर पाच हजारांची पंगत उठवली आहे. दुसऱ्या खेपेस सैतान त्याला मंदिराच्या उंच टोकावर नेऊन खाली उडी टाकायला सांगतो आणि त्यासाठी चक्क स्तोत्रसंहितेतील वचन पुढे करतो. (हा क्रम मत्तयाचा, लूकने तो बदलला आहे.) म्हणजे मोहाजवळ शास्त्राधारही असतो. येशूची तिन्ही उत्तरे अनुवाद नामक जुन्या ग्रंथातली आहेत. त्यांत नवे तत्त्वज्ञान नाही, वादातली चलाखी नाही. लहानपणापासून ऐकलेले तेवढे त्याने त्या घटकेस मानले. लूक तर शेवटी असेही सुचवतो की सैतान गेला तो संधी मिळेपर्यंतच.

हे सारे आम्हांस १९८३ साली ठाऊक होते. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदवर्गात, आम्ही तरुण वयातच उपदेशाला उभे राहत असू आणि याच कथेवर दोनदा बोललोही होतो. आम्ही एका कचेरीत कारकून होतो; हिशेबाला पक्के म्हणून मंडळीने आमच्याकडे खजिनदारी दिली होती. त्याच वर्षी आमचा स्कूटरचा नंबर लागला. आजच्या तरुणांना खरे वाटणार नाही, पण त्या काळी स्कूटरसाठी आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आम्ही नाव नोंदवले १९७६ मध्ये. तेव्हा पाळण्यात असलेला आमचा मुलगा नंबर लागला तेव्हा दुसरीत होता. उरलेली रक्कम १५ नोव्हेंबरच्या आत भरायची होती, नाहीतर नंबर पुढच्या माणसाला जाणार. प्रॉव्हिडंट फंडातून मागितलेली उचल मंजूर झाली होती, पण चेक निघायला आठ दिवस लागतील असे सांगण्यात आले. आम्हांस एक हजार आठशे रुपये कमी पडत होते.

१३ नोव्हेंबरला रविवार होता आणि आमच्या मंडळीचा हंगामाचा सण. त्या दिवशी लोक शेतातले, परसातले जे असेल ते देवापुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. भोपळे, गुळाच्या ढेपा, केळीचे घड, पाय बांधलेली कोंबडी. हा लिलाव पाहण्यासारखा असतो. घेणारा चढी बोली बोलून कोंबडी घेतो आणि लगेच पुन्हा अर्पण करतो. अशी एकच कोंबडी त्या वर्षी तीनदा विकली गेली. सगळे मिळून तीन हजार एकशेचाळीस रुपये जमले. ते गरीब फंडाचे. दोघांनी मोजून पावतीपुस्तकाशी ताळा घातला आणि नेहमीप्रमाणे पत्र्याची पेटी आमच्या घरी आली, कारण बँक सोमवारी उघडणार.

सोमवारी सकाळी आम्ही बँकेत एक हजार तीनशेचाळीस रुपये भरले.

त्या रात्रीचे आमचे विचार आम्हांस अजून स्पष्ट आठवतात. ‘चोरी’ हा शब्द त्यात एकदाही आला नाही. ‘उचल’ हा आला, ‘फिरवाफिरव’ हा आला. आठ दिवसांचा तर प्रश्न, असे आम्ही मनाशी म्हटले. फंडाच्या खात्यावर एरवीही पैसे पडूनच असतात. आठ दिवसांत त्यांचे काय बिघडणार? शिवाय स्कूटर आली म्हणजे वयस्कर पाळकसाहेबांना वाड्यावस्त्यांवरच्या प्रार्थनासभांना नेता येईल, म्हणजे ती मंडळीच्याच कामी येणार. हा शेवटचा मुद्दा सुचला तेव्हा आम्हांस खरोखर समाधान वाटले, हे येथे नमूद केले पाहिजे. मंदिराच्या टोकावरील वचनासारखाच तो होता.

पौलाने करिंथकरांना लिहिले आहे की, माणसाच्या शक्तीपलीकडची परीक्षा देव येऊ देत नाही आणि तिच्यातून निभावण्याची वाटही ठेवतो. आमची वाट आम्हांस माहीत होती. ती आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे थोरल्या बंधूंच्या दाराशी जात होती. त्यांच्याकडे पैसे होते व त्यांनी ते दिलेही असते. परंतु वडिलार्जित घराच्या एका खोलीवरून आमचे दोन वर्षे बोलणे बंद होते, आणि प्रथम बोलायला आपण जायचे, तेही हात पसरून, हे आम्हांस सोसवेना. तेव्हा ही स्कूटरची गोष्ट आहे असे आम्ही बरीच वर्षे समजत होतो, तेही पूर्ण खरे नाही.

मंगळवारी पैसे भरले. गुरुवारी संध्याकाळी मावशी आल्या. या आमच्या नात्यातल्या नव्हेत. चर्चच्या मागच्या चाळीत राहणाऱ्या, भाजी विकून नातवाला सांभाळणाऱ्या एक विधवा बाई. नातवाच्या पायाची शस्त्रक्रिया झाली होती आणि पुढच्या औषधांसाठी गरीब फंडातून दोनशे रुपये द्यावेत असे कमिटीने रविवारीच ठरवले होते. रक्कम देण्याचे काम खजिनदाराचे. आमच्या घरात त्या दिवशी दोनशे रुपये नव्हते. बँकेतून काढायचे तर चेकवर दुसऱ्या पदाधिकाऱ्याची सही लागे, आणि सणाची रोकड हाती असताना चेक कशाला, असे त्याने विचारले असते. आम्ही दारातच उभे राहून म्हणालो, “मावशी, कमिटीची बैठक अजून व्हायची आहे. पुढच्या आठवड्यात या.” त्या “बरं भाऊ” म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा आल्या तेव्हा बैठक लांबल्याचे सांगितले. तिसऱ्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. आम्हांस हायसे वाटले. दोनच दिवसांनी आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, ऐकलंत का? मावशींनी तांब्याचा हंडा मोडीत घातला म्हणे. लग्नातला होता.”

आठ दिवसांचे तेवीस दिवस झाले. ६ डिसेंबरला आम्ही फंडाचे पैसे पैन् पै बँकेत भरले आणि दुसऱ्या दिवशी मावशींना दोनशे रुपये नेऊन दिले. त्यांनी पावतीवर अंगठा उठवला आणि आम्हांस चहा केला. मार्चमध्ये हिशेबतपासणी झाली. पासबुकातील तारखांकडे कोणी पाहिले नाही. बेरजा जुळत होत्या. हिशेब चोख असल्याचा शेरा मिळाला.

पकडले गेलो असतो तर गोष्ट तेथेच संपली असती. शिक्षा झाली असती, चार लोक बोलले असते, आम्हीही रागाने किंवा लाजेने मोकळे झालो असतो. ते झाले नाही, आणि आम्ही प्रार्थनेला गुडघे टेकले की डोळ्यांपुढे हंडा येऊ लागला. संत ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ आम्ही कॉलेजात असताना वाचले होते. सोळाव्या वर्षी मित्रांसोबत शेजारच्या बागेतील नासपती चोरल्या, एवढ्याशा गोष्टीचा हा हिप्पोचा बिशप चाळिशी उलटल्यावर इतका काथ्याकूट का करतो, याचे तेव्हा हसू आले होते. त्या फळांची त्याला भूकही नव्हती. चोरीचीच गोडी लागली होती, असे तो लिहितो. आता ते पुस्तक पुन्हा काढले तेव्हा आम्ही नासपतींपाशी थांबलो नाही, दहाव्या खंडापाशी थांबलो. इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत त्याचे मन पालटले, पुढच्या वर्षी बाप्तिस्मा झाला, ही कथा सर्वज्ञात आहे. परंतु दहाव्या खंडात तो बिशप झाल्यानंतरची आपली अवस्था सांगतो: जेवताना भुकेपलीकडे जाणारी जीभ, स्वप्नांत येणारी जुनी चित्रे, उपासनेतील गाण्यात अर्थापेक्षा स्वरातच रमणारे मन, स्तुती ऐकून सुखावणे. मोह मागे पडलेला नाही, असे तो साऱ्या मंडळीसमक्ष मांडतो. आम्हांस त्याचा मोठा आधार वाटला. थोडा गैरवाजवी आधारही वाटला, कारण संतांनाही हे होते असे म्हणत आम्ही आणखी काही आठवडे गप्प बसलो.

आपल्या मंडळातील एक ज्येष्ठ स्नेही आम्हांस नेहमी विचारीत की तुम्ही ख्रिस्ती लोक पापाचे एवढे स्तोम का माजवता. आम्ही त्यांना तुकोबांकडे बोट दाखवीत असू. स्वतःच्या मनाशी रात्रंदिवस लढणारा आणि आपले दोष चव्हाट्यावर मांडणारा असा कवी दुसऱ्या कोणत्या भाषेत आहे? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत, ते उगीच नव्हे. स्नेही हसून विषय बदलत. त्यांना ही हंड्याची गोष्ट सांगण्याचे धैर्य आम्हांस त्यांच्या हयातीत झाले नाही.

१९८४च्या मार्चमध्ये उपवासकाळ सुरू झाला. त्याच्या पहिल्या रविवारी प्रथेप्रमाणे अरण्यातील परीक्षेवर उपदेश असतो. पाळकसाहेब काही विशेष बोलले नाहीत. त्यांचा आवाज त्या दिवशी बसलेला होता आणि उपदेश लवकर आटोपला. पण भाकरीचा भाग वाचला जात असताना आमच्या कपाळावर घाम आला. संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो, स्कूटरवरूनच गेलो, आणि सर्व सांगितले. आमची अपेक्षा होती की ते प्रार्थना करतील, खांद्यावर हात ठेवतील आणि आम्ही हलके होऊन घरी येऊ. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “पैसे परत केलेत हे बरे केलेत. पण हे तुम्ही मला का सांगता? माझे तुम्ही काही घेतले नव्हते.” आम्ही म्हणालो, देवाजवळ तर कबूल केले आहे. ते म्हणाले, “देवाचा हंडा गेला नाही.” मग त्यांनी प्रार्थना केली, अगदी लहान.

यानंतर आम्ही चार आठवडे काढले. ज्या दिवसांत काय करायचे हे पूर्ण ठाऊक असते आणि माणूस ते करीत नाही, त्या दिवसांचे वर्णन आमच्या गावच्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात केले आहे. १८३१ साली बेळगावात जन्मलेले, पुढे ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे हे गृहस्थ. ख्रिस्ती मत त्यांना बुद्धीने पटले होते, तरी आईवडिलांची माया आणि घर तुटण्याचे भय यांनी त्यांचा पाय फार काळ अडवला. अखेर १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या समोरचा प्रश्न आमच्या हजारपट मोठा होता आणि तुलना करणेही शोभत नाही. तरी पटणे आणि करणे यांच्यामधले ते अंतर आम्हांस ओळखीचे वाटले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर येशूविषयीच म्हटले आहे की, तो पुत्र असूनही त्याने जे सोसले त्यातून आज्ञापालन शिकला. ‘शिकला’ हे क्रियापद आम्हांस नेहमी चकित करते. ज्याच्या ठायी पाप नव्हते त्यालाही ते शिकावे लागले, आणि गेथशेमाने बागेतील रात्रीचा प्याला टळावा असे त्यालाही वाटले.

एप्रिलमधील एका मंगळवारी कचेरी सुटल्यावर आम्ही मावशींच्या खोलीवर गेलो. पायी गेलो. नातू दारात गोट्या खेळत होता. पाय थोडा ओढत होता. तो औषधाला उशीर झाल्यामुळे की मुळातूनच, हे आम्ही विचारले नाही. पुढेही कधी विचारले नाही. आम्ही उंबऱ्यापाशी बसून सांगितले की बैठक झालेली होती, पैसे मंजूर होते आणि ते आम्ही वापरले होते. मावशी मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. “म्हणजे तुम्ही खोटं बोललात, भाऊ,” त्या म्हणाल्या. आम्ही होय म्हणालो. त्या म्हणाल्या, “मी म्हटलं, माझंच नाव कुणी कापलं. भाजी उधार देत नाही म्हणून कमिटीतल्या एका बाईंशी माझं वाजलं होतं. तीन महिने त्यांच्याशी बोलले नाही मी.” मग पुन्हा मेथीकडे वळून त्या म्हणाल्या, “आता त्यांच्याकडं जायला हवं.”

आमच्या क्षमेविषयी त्या काही बोलल्या नाहीत. हंड्याचे पैसे देऊ केले ते त्यांनी घेतले, पुरते मोजून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन त्या त्या बाईंच्या दारात उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी पाहिल्या. आम्हांस थोरल्या बंधूंच्या दारात उभे राहायला आणखी एक वर्ष लागले.

राहिली कमिटी. आम्ही तिच्यापुढे सर्व मांडले व राजीनामा दिला. मंडळी भली होती. पैसे तर परत आलेत, कशाला वाच्यता, असे सर्वांचे मत पडले. एक वडीलधारे सभासद म्हणाले की इतिवृत्तात हे आले तर पुढच्या पिढ्या वाचतील. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असे लिहावे. आम्ही क्षणभर, खरोखर क्षणभरच, काही बोलायचे ठरवले. मग समोरच्या सगळ्या मायाळू चेहऱ्यांकडे पाहिले आणि राजीनाम्याच्या अर्जात त्यांनी सांगितलेले शब्द स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. आमची प्रकृती त्या वर्षी उत्तम होती.

ती स्कूटर आम्ही १९९९ साली विकली. मावशी त्यापूर्वीच निवर्तल्या, पाळकसाहेबही. इतिवृत्ताची ती वही चर्चच्या कपाटात आहे, पाने पिवळी पडली आहेत, पण अक्षर लागते. त्या पानासमोर खरी हकीकत जोडण्याची परवानगी मागणारे पत्र आम्ही गेल्या महिन्यात मंडळीच्या चिटणिसांना दिले. ते तरुण आहेत, आमच्या नातवाच्या वयाचे. पत्र वाचून ते जरा गोंधळले आणि म्हणाले, “आजोबा, आता चाळीस वर्षांनी याची काय गरज आहे? पुढच्या बैठकीत बघू.” बैठक अजून झालेली नाही.